मताचा कागद

बावन्न साली भारतात पहिली निवडणूक झाली तेव्हा सुलेखा वीस वर्षांची होती, आणि मताला एकवीस पूर्ण लागत. सत्तावन्न साली वय बसत होतं, पण निवडणुकीच्या महिनाभर आधी तिचं लग्न झालं आणि ती श्रीपादबरोबर शिकागोला गेली. पुढची दहा वर्षं ज्या देशात राहिली तिथे तिला मत नव्हतं आणि ज्या देशात मत होतं तिथे ती राहत नव्हती. शेवटी अडुसष्ट साली, छत्तिसाव्या वर्षी, तिला मत द्यायची वेळ आली ती अशी: ती राहत होती जर्मनीत, हायडेलबर्गला, आणि मत द्यायचं होतं अमेरिकेच्या अध्यक्षाला. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

अमेरिकेचं नागरिकत्व तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. सहासष्टच्या उन्हाळ्यात शिकागोत काळ्या लोकांना हव्या त्या वस्तीत घर मिळावं म्हणून मोर्चे निघाले, त्यात ती चालली होती. घर नाकारलं जाणं म्हणजे काय हे तिला आणि श्रीपादला चांगलं ठाऊक होतं. फोनवर रिकामी असलेली खोली यांचे चेहरे दिसले की भरून जायची. मोर्च्यात दगड आले, एक तिच्या शेजारच्या बाईला लागला. सुलेखा तेव्हा शाळेत शिकवायची, ही बाई त्याच शाळेतली. कपाळाला रुमाल दाबून ती म्हणाली, "तू आमच्याबरोबर चालतेस, पण नोव्हेंबरात आमच्याबरोबर मत नाही देऊ शकत." एवढंच. रागानं नाही, सहज. सुलेखाला ते दगडापेक्षा जास्त लागलं. सदुसष्टच्या वसंतात तिनं शपथ घेतली. श्रीपादनं मात्र आपला पासपोर्ट सोडला नाही. तो रसायनशास्त्राचा माणूस. जे विरघळून पुन्हा मिळत नाही ते तो सहसा पाण्यात टाकत नसे.

आणि तीनच महिन्यांत श्रीपादला हायडेलबर्गच्या संशोधन संस्थेत तीन वर्षांचं काम मिळालं. नवा देश हातात आला न आला तोच तो सोडून बिऱ्हाड जर्मनीत.

सुलेखाचे वडील आत्मारामपंत वाईला असत. बेचाळीसच्या चळवळीत अडीच वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, आणि स्वातंत्र्यानंतर जो उमेदवार हमखास पडणार त्याच्या प्रचाराला सायकल घेऊन फिरणारा. लेकीनं भारताचा पासपोर्ट परत केल्याचं कळल्यावर त्यांनी एक कार्ड पाठवलं. आरडाओरडा नव्हता, तेच वाईट होतं. "नागरिक झालीस असे कळले. माणूस कागदाने नागरिक होत नाही, मताने होतो. मत दिलेस की लिही. तोवर लिहू नकोस. मीही लिहिणार नाही." खाली सही: आत्माराम. 'बाबा' नव्हे. सुलेखानं तरी चार पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. पंतांचा शब्द म्हणजे शब्द; अशा माणसांचं चरित्र लिहायला सोपं जातं, त्यांची मुलगी होणं अवघड.

तेव्हा अडुसष्टची निवडणूक ही साऱ्या जगाची असेल, सुलेखाच्या लेखी ती त्या कार्डाची होती. मत दिलं की बाबा परत मिळणार होते.

त्यातून तिला उमेदवारही मिळाला होता. धाकटा केनेडी. मार्चमध्ये तो उभा राहिला आणि सुलेखानं विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिथे ती पुस्तकांची कार्डं लिहायचं काम करायची, दुपारच्या सुट्टीत अमेरिकन वर्तमानपत्रं शोधून वाचायला सुरुवात केली. चार दिवस शिळी असायची. त्या माणसात काय होतं हे तिला नीट सांगता आलं नसतं. श्रीपाद म्हणायचा, "श्रीमंत बापाचा मुलगा आहे, एरवी तुझे वडील त्याला दारात उभं करणार नाहीत." ती म्हणायची, "असू दे. त्याचा भाऊ मारला गेलाय. ज्याचं माणूस गेलंय त्याला इतरांची माणसं दिसतात." एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली, तेव्हा ती शिकागोच्या त्या मैत्रिणीला पत्र लिहायला बसली आणि तीन ओळींपुढे जाऊ शकली नाही.

जूनमध्ये एका सकाळी ती पोळ्यांची कणीक मळत होती. अमेरिकन सैन्याचं रेडिओ स्टेशन लागलेलं होतं. कॅलिफोर्नियात जिंकल्याचं भाषण करून तो मागच्या वाटेनं, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून निघाला होता. तिथे. सुलेखानं कणकेचे हात तसेच ठेवून पुढचं सगळं ऐकलं. सासूबाई नुकत्याच इंदूरहून वर्षभरासाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा येत होता. त्यांनी ताट तिच्या पुढून काढून घेतलं, स्वतः पोळ्या लाटल्या आणि कोण गेलं ते दुपारपर्यंत विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये शिकागोत केनेडीच्या पक्षाचं अधिवेशन भरलं. यांच्या घरी टीव्ही नव्हता. घरमालकीण फ्राऊ त्सीग्लर खालच्या मजल्यावर राहायच्या, त्यांच्याकडे होता. त्यांनी हाक मारली म्हणून सुलेखा खाली गेली आणि तिला आपलं शिकागो दिसलं. ज्या रस्त्यावरून ती बसनं जायची त्या रस्त्यावर पोलीस पोरांना केस धरून ओढत होते. युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांना आत हरवलं आणि बाहेर झोडपलं. उमेदवारी गेली उपाध्यक्ष हम्फ्रीकडे, जो चार वर्षं त्या युद्धाला मान डोलावत आला होता.

"मी नाही देणार मत," सुलेखा म्हणाली. जर्मनमध्ये म्हणाली, तरी तिला ते मराठीतच ऐकू आलं.

फ्राऊ त्सीग्लरनी टीव्ही बंद केला. सत्तरीची बाई, नवरा युद्धात गेलेला, बोलणं मोजकं. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "बत्तीस साली आमच्याकडे अध्यक्षाची निवडणूक झाली. एकीकडे तो. दुसरीकडे म्हातारा फील्डमार्शल. आम्ही उदारमतवादी घरातले, म्हातारा आम्हाला मुळीच आवडत नव्हता. पण त्याला थांबवायचं म्हणून मी म्हाताऱ्याला मत दिलं. म्हातारा जिंकला. आणि पुढच्या जानेवारीत त्यानं स्वतःच्या हातानं त्याला चान्सलर केलं."

"म्हणजे द्यायला नको होतं?"

"तेच मी छत्तीस वर्षं स्वतःला विचारतेय. पण पुन्हा तो दिवस आला तर मी काय करीन माहितीय? पुन्हा तसंच देईन. दुसरं काय करायचं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात जिन्यात बूट न ठेवण्याची आठवण केली.

दगडापेक्षा वीट मऊ, हे सुलेखाला वाईतच शिकवलेलं होतं. फक्त हातात वीट घेताना आपल्याला कुणाला तरी हार घालायचा होता हे आठवलं की रडू येतं. सप्टेंबरच्या शेवटी हम्फ्रीनं बॉम्बफेक थांबवायला तयार असल्याचं भाषण केलं, जरा चाचरत केलं, पण केलं. तोवर तिनं मताच्या कागदासाठी अर्ज पाठवून ठेवला होता. घर सोडलेलं नाही, परत यायचं आहे, असं दोनदा लिहून द्यावं लागलं. पाच आठवडे लागले. दिवाळीच्या तोंडावर पाकीट आलं.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं तो कागद टेबलावर उलगडला. टॉवेलाएवढा लांब. अध्यक्षापासून गावच्या न्यायाधीशापर्यंत सगळे एकाच कागदावर. श्रीपाद कौतुकानं वाकून बघत होता. सासूबाई पदराला हात पुसत आल्या.

"हेच का ते मत?"

"हो आई. हा असा चौकोन आहे ना, यात फुली मारायची. फ्रँकफर्टला वकिलातीत जाऊन, तिथल्या अधिकाऱ्यासमोर. बुधवारची वेळ मिळालीय."

सासूबाईंनी कागदाला हात लावला नाही, चौकोनावरून नुसतं बोट फिरवलं. "एवढुसा?" मग त्या खुर्चीत बसल्या. "मी कधी पाहिलाच नाही गं. बावन्नला यादी करणारा आला, मामंजी ओट्यावर बसलेले. घरात बायका किती, नावं काय? मामंजींनी सांगितलं, लिहा, श्रीपादची आई. सुनेचं नाव परक्याला कशाला सांगायचं! त्यानं तसंच लिहिलं. पुढे म्हणे अशी सगळी नावं खोडली. कुणाची आई, कुणाची बायको, अशांना मत नाही."

"आणि सत्तावन्नला?" सुलेखानं विचारलं.

"सत्तावन्नला तुम्ही शिकागोला गेलात न गेलात तोच हे गेले, सुतक होतं. बासष्टला लेकीचं बाळंतपण, मी पुण्याला. नंतर मीच म्हटलं, राहू दे, आपल्यावाचून काही अडत नाही त्यांचं." त्या हसल्या. "तू दे हो. सावकाश, नीट दे."

सुलेखानं कागद होता तशा घड्या घालून पाकिटात ठेवला, आणि पाकीट पासपोर्टांच्या खणात. त्या रात्री तिनं बाबांचं कार्ड काढून वाचलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्या अक्षराचा राग आला नाही.

लक्ष्मीपूजन सोमवारी होतं. सुलेखाला सुट्टी नव्हती. ती घरी आली तेव्हा पूजा मांडून झालेली होती. चॉकलेटच्या डब्यावर इंदुरी खण अंथरलेला, त्यावर लक्ष्मीचा फोटो, श्रीपादच्या प्रयोगशाळेची वही, घराची किल्ली, फ्राऊ त्सीग्लरनी दिलेली सफरचंदं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर चोरून काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं. सुलेखाला वाटलं, फराळात काहीतरी जास्त केलं असणार.

बुधवारी भाऊबीज. सकाळच्या गाडीनं ती फ्रँकफर्टला गेली. निळी कांजीवरम नेसली होती, वर ओव्हरकोट. मत द्यायला जाताना कांजीवरम नेसणारी ती वकिलातीतली पहिलीच बाई असावी. दारावरच्या शिपायानं तिला व्हिसाची रांग दाखवली. तिनं पासपोर्ट दाखवला, तेव्हा तो "सॉरी, मॅम" म्हणाला. तिला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी ती खुशीत होती.

खोलीत चष्मा लावलेल्या, पिकल्या केसांच्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी शपथेचे शब्द वाचले, सुलेखानं उजवा हात वर केला. बाई म्हणाल्या, "आता कागद काढा. कोरा आहे हे मला दाखवायचं आणि मग त्या आडोशाला जाऊन खुणा करायच्या."

सुलेखानं कागद उलगडला.

चारही कोपऱ्यांना हळदकुंकू होतं. आपण लग्नपत्रिकेला लावतो तसं: आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं. घड्यांमुळे ते जागोजाग उमटलं होतं. एक लालसर ठसा तर नावांच्या ओळीपर्यंत पोचला होता.

"हे काय आहे?" बाई दचकल्या. "रक्त?"

"नाही," सुलेखा म्हणाली. "रक्त नाही." मग बराच वेळ तिला इंग्रजी सुचेना. "ही हळद आहे. आणि ते... आशीर्वाद आहे. माझ्या सासूबाईंनी दिलेला."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी खोडरबर आणून दिलं. कुंकू थोडं पुसलं, हळद पसरली. हळद कधी कागदावरून गेलीय का? बाईंनी सूचनांचा कागद काढला आणि जिथे लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. मतपत्रिकेवर फुलीशिवाय ओळख पटेल अशी दुसरी कुठलीही खूण असेल तर ती मतपत्रिका बाद.

"दुसरी मागवता येईल?"

"ही यायला किती दिवस लागले?"

"पाच आठवडे."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. निवडणुकीला तेरा दिवस होते.

"निर्णय माझा नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोजणारे तिकडे आहेत. तुम्ही मत द्या, मी सही करीन. पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

सुलेखा आडोशाला गेली. आयुष्यातलं पहिलं मत, आणि ते बाद होणार हे माहीत असताना. तिनं हम्फ्रीच्या चौकोनात फुली मारली. तिचा हात कापला, फुलीचा एक पाय जरा वाकडा आला. जो मेला त्याचं नाव कागदावर नव्हतं, जो होता त्याच्यावर तिचं प्रेम नव्हतं, आणि हे नको असलेलं मतसुद्धा तिच्या हातून निसटलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं. ती तिथे उभ्याउभ्या रडली. आवाज न करता, कारण पलीकडे अधिकारी बाई होत्या. मग पाकीट बंद करून दिलं.

परतीच्या गाडीत मात्र तिला संताप आला. घरी पोचल्यावर काय बोलायचं ते तिनं डार्मस्टाटपर्यंत जुळवलं होतं. न विचारता माझ्या वस्तूला हात का लावला, प्रत्येक गोष्ट देवापुढे ठेवायलाच हवी का, लोकांच्या देशाचे कायदे तुमच्या कुंकवासाठी थांबत नाहीत. वाक्यं चांगली धारदार झाली होती. भाऊबीज होती, पण तिला भाऊ नव्हता. बाबा होते, आणि ते या एका कागदापायी गेले होते, हेही ती बोलणार होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हातात वाटी, वाटीत साखर.

"दिलंस?"

सुलेखानं त्यांच्याकडे पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, जर्मन थंडीत नऊवारीवर श्रीपादचा जुना स्वेटर, आणि चेहरा असा की जणू त्यांचीच यादीत नोंद झाली होती.

"दिलं, आई."

"मी त्याला हळदकुंकू लावलं होतं हं. लक्ष्मीपुढे ठेवला होता. तुला सांगितलं नाही, म्हटलं हसाल दोघं." त्यांनी चिमूटभर साखर तिच्या हातावर ठेवली. "एवढं मोठं काम, असंच कोरडं कसं पाठवायचं!"

सुलेखानं साखर खाल्ली. धारदार वाक्यं सगळी तशीच गिळली.

श्रीपादला तिनं चहा झाल्यावर गॅलरीत सांगितलं. आत सासूबाई भाजी चिरत होत्या. रेडिओ चालू होता, आणि त्यांना तसंही जरा कमी ऐकू यायचं. श्रीपादची पहिली प्रतिक्रिया म्हणजे त्याला हसू आलं. हसू कसलं, खोकल्यासारखं एक काहीतरी. पण सुलेखाला तेवढं पुरलं.

"हस तू. तुझ्या पासपोर्टावर अजून तीन सिंह आहेत." एकांतात ती त्याला अरेतुरे करायची, सासूबाईंसमोर तेवढं अहो. "मी काय सांगू बाबांना? तुमच्या मुलीचं मत हळदीनं बाद झालं?"

"सुलू, सात कोटी मतं पडतात तिथे."

"माझं एक होतं. ते मोजलंसुद्धा जाणार नाही."

श्रीपादनं आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आईला मात्र कळू देऊ नकोस."

"मी काय राक्षसीण आहे?" सुलेखा म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण बाबांना तिनं लिहिलं. तीन दिवस विचार केला. मत दिलं होतं हे खरं होतं. तिनं हात वर करून शपथ घेतली होती, फुली मारली होती. शेवटी निळ्या हवाईपत्रावर दोनच ओळी लिहिल्या: "ती. बाबांस, काल फ्रँकफर्टला जाऊन मत दिले. तुमची सुलेखा." 'काल' हेही खरं नव्हतं, पण तेवढं तिनं चालवून घेतलं.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला संध्याकाळी नक्की झालं. निक्सन आला. अगदी थोडक्यात आला, देशभरात शंभरातल्या एका मताचाही फरक नाही. सुलेखानं रेडिओ बंद केला.

"आपला माणूस?" सासूबाईंनी विचारलं.

"पडला, आई."

"थोडक्यात?"

"थोडक्यात."

सासूबाईंचा हात भाजीच्या सुरीवर थांबला. "म्हणजे किती गं? एकदोन मतांनी नाही ना?"

सुलेखाला एवढ्या दुःखातही हसू आलं. "नाही हो आई. ज्या राज्यात मी मत दिलं तिथे लाखाच्या वर फरकानं पडला."

"लाखाच्या वर. नक्की?"

"नक्की."

सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला, खुर्चीवर बसल्या आणि पुन्हा विचारलं, "एकदोन मतांनी नाही." सुलेखाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला लाख कळत नसेल.

दिवाळीपासून घरात एक छोटी गोष्ट बदलली होती, ती सुलेखाच्या लक्षात आली आणि सुटलीही. श्रीपादचा लेख एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. सासूबाईंनी तो देवापुढे ठेवला, पण हळदकुंकू लावलं नाही. तुळशीच्या लग्नाला कुंडीतल्या झाडाला लावलं, तेवढंच. "कुंकू संपत आलंय," त्या म्हणाल्या. "इथे कुठे मिळायचं? पुरवून वापरायला हवं."

नोव्हेंबरच्या शेवटी पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट, वाईच्या शिक्क्याचं, चांगलं जाड. सुलेखानं ओव्हरकोटही काढला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, मलाही कळू दे." श्रीपाद अजून संस्थेतून यायचा होता.

"चि. सुलेखास अनेक आशीर्वाद," तिनं वाचायला सुरुवात केली. "तुझे पत्र पोचले. दीड वर्ष तुला लिहिले नाही. त्यात माझा हट्ट किती आणि तत्त्व किती हे आता मला सांगता येणार नाही. तुझी आई असती तर तिने मला हे पहिल्याच महिन्यात सांगितले असते.

"तुझा उमेदवार पडला असे वाचले. वाईट वाटून घेऊ नकोस असे म्हणणार नाही, वाटायलाच हवे. बावन्नपासून मी ज्याला ज्याला मत दिले तो तो पडला. एकदा अनामतही गेली. पण निकालाच्या संध्याकाळी कचेरीसमोर आकडे वाचत, आणि आपल्या माणसाची दोन हजार एकशे सात असे कानावर आले की मी मनात म्हणे, त्यातला एक मी. हरलेल्यांच्या बेरजेत आपण आहोत, कुणी आपल्याला वगळलेले नाही, एवढ्यावर माणूस पाच वर्षे काढतो. मी तरी काढली.

"सोबत वर्तमानपत्राचे कात्रण ठेवले आहे. तुझ्या हम्फ्रीची मते तीन कोटींच्या वर आहेत. मी शेवटच्या आकड्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्यातली एक माझी सुलेखा. ग्रंथालयात सगळ्यांना दाखवून आलो."

इथे ती थांबलीच असती. पण सासूबाई समोर बसल्या होत्या. थांबलं तर का थांबलं ते सांगावं लागलं असतं. ती पुढे वाचत गेली.

"आता सविस्तर लिही. रांग होती का? बोटाला शाई लावतात का तिकडे? फुली मारताना हात कापला का? माझा बावन्न साली कागद पेटीत टाकताना कापला होता. तुरुंगात जाताना नव्हता कापला. वाट पाहतो. तुझा, बाबा."

कात्रण टेबलावर पडलं होतं. बोटभर कागद, त्यावर आकड्यांची ओळ, आणि शेवटच्या आकड्याखाली म्हाताऱ्या हाताची जरा हललेली तांबडी रेघ. त्या आकड्यात ती नव्हती. बाबा परत आले होते ते नसलेल्या मतावर, आणि हे तिला आता जन्मभर एकटीनं सांभाळायचं होतं.

सासूबाई उठल्या. देवापाशी जाऊन त्यांनी कुंकवाचा करंडा आणला, टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. करंडा काठोकाठ भरलेला होता. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि कात्रणावर नेलं, पण टेकवलं नाही. बोट तसंच अधांतरी राहिलं.

"याला लावलं तर चालेल ना गं?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "की हेही बाद होईल?"

सुलेखाला क्षणभर कळलंच नाही. मग गॅलरी आठवली. रेडिओ आठवला. एकदोन मतांनी नाही ना, हे आठवलं. महिनाभर ही बाई सगळं जाणून गप्प बसली होती, सुनेनं आपल्यासाठी गिळलेलं आपणही गिळून. आणि भरल्या करंड्याला संपत आलाय म्हणून सांगत होती.

"आई," ती म्हणाली. तिनं सासूबाईंचं ते बोट धरलं आणि कात्रणाच्या कोपऱ्यावर टेकवलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. तोपर्यंत दोघींनाही नीट दिसत नव्हतं, चौथं बोट टेबलावरच उमटलं.

"आयुष्यात एक मत हातात आलं," सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "ते माझंही नव्हतं, आणि तेही मी घालवलं."

"नाही हो आई. तसं नाही." पण तसं होतं, आणि ते दोघींना माहीत होतं. सुलेखानं त्यांना जवळ घेतलं. ओव्हरकोट अजून अंगावरच होता. अकरा वर्षांच्या संसारात तिनं सासूबाईंना पहिल्यांदाच असं जवळ घेतलं होतं.

मग डोळे पुसून सासूबाई म्हणाल्या, "आत्मारामपंतांना काय लिहिशील? माझं नाव लिहायचं तर लिही, मला वाईट वाटणार नाही. पण त्यांनी ग्रंथालयात सगळ्यांना दाखवलंय गं."

सुलेखानं नवं हवाईपत्र काढलं. 'ती. बाबांस' लिहून ती थांबली. बाबांनी विचारलेले प्रश्न तिनं पुन्हा एकदा वाचले, आणि ज्यांची खरी उत्तरं देता येत होती तेवढीच दिली. रांग नव्हती, बाबा. बोटाला शाई लावत नाहीत. हात कापला.